कडेला वेणू

किसनभाऊ फोटोवाल्यांनी जन्मात कुणाला "हसा" म्हणून सांगितलं नाही. "हसू टिकत नाही बाई," ते म्हणायचे, "तोंड उगं ठेवलं तं टिकते." त्यांच्या हातचे फोटो मंगरुळात अजून घरोघरी आहेत. त्यात एक माणूस हसताना सापडला तर मला सांगा. सगळे कसे, समोर बेलीफ येऊन उभा राहिल्यासारखे. परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे असाच एक फोटो निघाला, आमच्या शाळेचा. तिच्या नातीनं बोट ठेवून विचारलं, "आजी, ही कोपऱ्यातली काळी मुलगी कोण गं?" आजीला काही आठवेना. मला आठवलं. पाणी मागितलं, प्यायले आणि उठून घरी आले. तिथे बोलता आलं नाही, म्हणून आता लिहायला बसले आहे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. मंगरुळच्या मुलींच्या शाळेत मी मास्तरीण होते. शाळेच्या भिंतीला लागून किसनभाऊंचं घर, आणि घराच्या पाठीमागे पत्र्याची अंधारखोली. माणूस बुटका, सावळा. कॅमेऱ्याची पेटी वाहून वाहून उजवा खांदा खाली आलेला. बोटांची टोकं औषधांनी काळी पडलेली, ती कधी म्हणून उजळली नाहीत. जेवायला बसले की यमुनावहिनी, म्हणजे त्यांची बायको, रोज म्हणायच्या, "हात धुतले का?" आणि हे रोज दोन्ही पंजे पुढे करून दाखवायचे, "धुतले जी, पाहा." त्यावर वहिनी रोज कपाळाला हात लावायच्या. या दोघांचा हा खेळ मी वर्षानुवर्षं पाहिला आणि मला एकदाही त्याचा कंटाळा आला नाही.

त्यांच्याकडे एक भिंग होतं. अकोल्याचा कुणी फोटोवाला धंदा मोडून गेला, त्याच्याकडून घेतलेलं. किसनभाऊ त्याला "रुंद नजरेचं" म्हणायचे. आमच्याकडची घरं तुम्हाला माहीत आहेत. अंगण हातभर आणि गोतावळा गाडाभर. साध्या भिंगानं पन्नास माणसं घ्यायची म्हटलं तर कॅमेरा शेजाऱ्याच्या गोठ्यात नेऊन ठेवावा लागायचा. हे भिंग दहा पावलांवरून सगळ्यांना आत घ्यायचं. खोड त्यात एकच होती. मधल्या माणसांवर लख्ख उजेड, आणि जसजसं कडेला जावं तसतसा तो आटत जायचा. अगदी टोकाच्या माणसावर तिन्हीसांजा झाल्यासारखं वाटे. ऊन मात्र सगळ्यांवर सारखंच पडलेलं असे.

त्या खोडीचा पहिला तडाखा बसला आसेगावला. एका पाटलाकडचं लग्न. थोरला भाऊ मधात खुर्चीवर, धाकटा पार टोकाला उभा. फोटो तयार झाला, तर धाकट्याचा फेटा दिसतो, मिशी दिसते, बाकी सगळा अंधार. आठव्या दिवशी धाकटे पाटील फोटो घेऊन मंगरुळला हजर. मी तेव्हा वहिनींकडे ताक न्यायला गेले होते.

"खरं सांगा," पाटील म्हणाले, "थोरल्यानं तुमाले शिकवलं होतं ना, याले कायाकुट्ट काढ मनून?"

"नाही जी. माह्या भिंगाचीच खोड हाय ते. मधातल्याले भरपूर भेटते, कडेच्याले उरलंसुरलं."

"मंग आमच्या घरासारखंच हाय तुमचं भिंग!" पाटील म्हणाले, आणि फोटो तिथेच ठेवून निघून गेले.

मला हसू आवरेना. किसनभाऊ मात्र हसले नाहीत. पुढे महिनाभरात ते दोन भाऊ वेगळे निघाले. त्यांचं बिनसलेलं आधीपासूनचं होतं, सगळ्या आसेगावला ठाऊक होतं. पण गाव बोललं ते असं, की फोटोनं घर फोडलं. ते किसनभाऊंच्या जिव्हारी लागलं. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "परक्याच्या माणसाले अंधारात उभं करनं बरं नाही बाई. तिथं आपलंच माणूस पाह्यजे."

आणि त्या दिवसापासून ते वेणूला बरोबर नेऊ लागले.

वेणू म्हणजे त्यांची मुलगी, एकुलती एक. लग्न होऊन बारा वर्षांनी झालेली. तेव्हा आठ वर्षांची होती आणि माझ्याच वर्गात शिकत होती. तुम्ही म्हणाल, कडेची जागा रिकामी का नाही ठेवायची? मीही विचारलं होतं. तर म्हणे, रिकामी जागा दिसली की माणसं सरकत सरकत तिथवर येतातच. कितीही ओरडा, ऐकत नाहीत. शेताच्या धुऱ्याला हद्दीचा दगड लागतो तसं दोन्ही टोकांना काहीतरी पक्कं लागतं. मग एका टोकाला त्या घरात सापडेल ती फुलझाडाची कुंडी, आणि दुसऱ्या टोकाला वेणू. फोटो पोचता करताना ते स्वतःच सांगायचे, "चौकटीत बसत नसन तं हे टोक कापून टाका जी. ते आपलंच हाय."

वेणूला या कामाचा केवढा तोरा! धनजला जायचं असो की किन्हीराजाला, पहाटे उठून वेणी घालून, लाल रिबिनी बांधून, छकड्यात आधी जाऊन बसायची. लग्नघरी लाडू खायची, आणि वेळ झाली की टोकाला जाऊन छाती पुढे काढून उभी राहायची. कुणी तिला आत ओढलं तर म्हणायची, "मी इथचीच हाय, मले इथंच उभं राहा लागते." अर्ध्या तालुक्याच्या सोयरीक-समारंभात अशी एक परकी पोरगी टोकाला उभी आहे. गावातली मंडळी चेष्टा करायची, "किसनभाऊ, तुमच्या पोरीले अख्ख्या वऱ्हाडात नातेवाईक!" तेही खूश व्हायचे.

यमुनावहिनींना मात्र ते रुचत नसे. एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "काहो, जगाचे फोटो काढता. आपल्या पोरीचा एकटीचा एक काढानं."

"काढू नं. घरचंच तं माणूस हाय. कुठी पळून चाललं?"

हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. असं आपण सगळेच म्हणतो, म्हणून मी त्यांना बोल लावत नाही. पण त्या बोलण्याची मला आजही चीड येते.

शाळेचा फोटो दरवर्षी दिवाळीनंतर व्हायचा. अंगण चिंचोळं, मागे भिंत, त्यामुळे तेच रुंद भिंग. वेणूला टोकाला उभं राहून तीन वर्षं झाली, त्या वर्षी किसनभाऊंनी एक नवीच गंमत आणली. डब्याचा पत्रा कापून सहा टोकांची एक चांदणी केलेली, मधे भोक पाडून तारेवर बसवलेली. भिंगाचं झाकण काढलं की ती चांदणी अगदी भिंगासमोर धरायची आणि तोंडानं फू फू करून गरगर फिरवायची. मधला उजेड चांदणीच्या पोटाला अडतो, कडेचा टोकांच्या फटींमधून आत जातो. असं पंधरा आकडे मोजेपर्यंत. मग चांदणी बाजूला करून तीन आकडे मोकळं ठेवायचं. म्हणजे मधल्याला जरा कमी, कडेच्याला जरा जास्त. कुठं पाहिलं, कुणी शिकवलं, देव जाणे. मला विचाराल तर त्यांनीच डोकं लढवलं होतं. लग्नघरी हे जमत नसे, अठरा आकडे होईपर्यंत वऱ्हाडी थोडेच थांबतात. माझ्या मुली थांबतील, हे त्यांना माहीत होतं. माझा दराराच तसा होता.

गाल फुगवून भिंगाला वारा घालणारा बाप पाहून मुलींना हसू फुटायला लागलं. मी डोळे वटारले. सगळ्या चिडीचूप झाल्या. पण त्याआधी, मुलींना ओळीत लावताना, वेणू माझ्याजवळ आली होती. माझा पदर धरून हळूच म्हणाली, "बाई, यंदा मी मधात बसू?"

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "तुझे बाबा सांगतील तिथे उभी राहा. मधेमधे करू नकोस."

ती गेली आणि टोकाला उभी राहिली. तोंड जरा पडलेलं होतं. मी पाहिलं आणि दुसऱ्या मुलीचा फ्रॉक सारखा करायला वळले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी किती मुलींना काय काय बोलले असेन, हिशेब नाही. हे एक वाक्य मात्र मला परत घेता येत असतं, तर मी माझं उरलेलं सगळं आयुष्य त्यावरून ओवाळून टाकलं असतं.

पौषात वेणूला ताप भरला. नवव्या दिवशी ती गेली. अकरा वर्षांची होती.

त्या घरातलं पुढच्या दिवसांचं मी लिहिणार नाही, लिहवणारही नाही. यमुनावहिनी रडल्या नाहीत. त्यांनी अंथरूण धरलं. आधीच त्यांची नजर अधू झालेली. आता जेवण तुटलं, अंगात कसर राहू लागली. आणि एक दिवस त्या किसनभाऊंना म्हणाल्या, "मले एकदा तिचं तोंड दाखवा. तुमच्याजवळ तं असनच."

असेलच! त्या माणसानं तीन वर्षांत आपल्या मुलीचे शंभर तरी फोटो काढले होते. फोटो ज्यांवरून कागदावर उतरवतात, त्या घरातल्या सगळ्या काचा त्यांनी खाली काढल्या. प्रत्येक काचेच्या टोकाला वेणू होती आणि एकाही काचेत तिचं तोंड नव्हतं. मग ते गावोगाव निघाले. छकडा करून धनज, आसेगाव, किन्हीराजा. ज्या ज्या घरी फोटो दिला, त्या त्या घरी. एखाद्या दिवशी ढग असतील, एखाद्या दिवशी ती अर्धं पाऊल आत सरकली असेल, एखादा कागद फिका उमटला असेल, एवढ्या आशेवर. माणसं भिंतीवरून फोटो काढून हातात द्यायची आणि हे तो उंबऱ्याबाहेर उन्हात नेऊन, डोळ्याला लावून कोपरा पाहायचे.

किन्हीराजाला मी त्यांच्याबरोबर होते, माझी मावशी तिथे राहायची म्हणून. एका शेतकऱ्याच्या घरी म्हातारीनं मोठ्या हौसेनं फोटो आणून दिला. छान चौकट, वर सुताचा हार. उजवीकडे कुंडी होती. डावीकडे फोटो एका जावयाच्या खांद्यापाशी संपला होता.

"हे टोक?" किसनभाऊंनी विचारलं.

"ते नाही का, एक पोट्टी होती तिथं. आमच्या घरची नव्हती बाप्पा. चौकटीत बसे ना, तं कातरीनं कापलं." म्हातारी गोड हसली. "तुमीच तं सांगतलं होतं, कापा मनून."

"हाव," किसनभाऊ म्हणाले. "मीच सांगतलं होतं."

त्यांनी फोटो पदरानं पुसावा तसा उपरण्यानं पुसला आणि परत दिला. म्हातारीनं चहा ठेवला होता, तो प्यायले. परतीच्या वाटेवर मंगरुळची वेस आली तेव्हा एकदम म्हणाले, "बाई, कापलेला तुकडा माणूस कुठी टाकत असन?"

शेवटी उरली ती शाळेची काच. चांदणी फिरवून काढलेली. कागदावर तिच्यातही वेणू काळीच आली होती, पण किसनभाऊंनी मला घरी बोलावून एक दाखवलं. काचेवर सगळं उलटं असतं, उजेडाच्या जागी काळं आणि अंधाराच्या जागी कोरं. वेणूच्या जागी काच जवळजवळ कोरीच होती. पण काळ्या फडक्यावर ती तिरपी धरली, की त्या कोऱ्या जागेत धुरासारखं काहीतरी उठायचं. डोळे, नाक, पडलेलं तोंड. ती तीच होती. मी पाहिली. वहिनींना मात्र काच डोळ्यांशी नेऊनही काही दिसत नव्हतं. त्यांच्यासाठी ते कागदावर ठळक उमटायला हवं होतं.

"एक औषध राह्यते," किसनभाऊ म्हणाले. "पातळ भाग जाडा करते. अकोल्याले लिहिलं हाय. पन खेप एकच भेटन. बिघडलं तं बिघडलं."

औषध वैशाखात आलं.

आता वैशाखातलं आमचं ऊन. फोटोच्या काचेवर जो सरसाचा थर असतो, तो गरम पाण्यात सुटतो. म्हणून लग्नसराईत किसनभाऊ पहाटे उठून, माठाच्या पाण्यात तुरटी टाकून काचा धुवायचे. "ऊन चढलं की प्लेटीले पानी दाखवायचं नाही," हा त्यांचा नेम. वीस वर्षांत तो मोडला नव्हता. औषध आलं त्या दिवशी त्यांनी ठरवलं, उद्या पहाटे. पण दुपारी वहिनींना श्वास लागला. डॉक्टर येऊन गेले, आणि जाताना त्यांनी किसनभाऊंना दारापर्यंत बोलावलं. किसनभाऊ आत आले ते सरळ कोपऱ्यातली काच घ्यायलाच गेले.

"किसनभाऊ, पहाटेपर्यंत थांबा," मी म्हटलं.

"पहाटेपर्यंत वेणूची माय थांबन का बाई?"

शाळेला सुट्टी होती. मी शाळेचे दोन्ही माठ त्यांच्याकडे आणून ठेवले, घरचा आणला. वाळ्याचा पडदा भिजवून अंधारखोलीवर टाकला. तुरटी, ओला पंचा, सगळं केलं. या कामाला उजेड चालतो, म्हणून दार अर्धं उघडं होतं आणि मी उंबऱ्याशी उभी होते. पत्र्याखाली तव्यावर बसल्यासारखं होत होतं. त्यांनी काच औषधात घातली. मी शपथेवर सांगते, वेणू आली. टोकाला हळूहळू काळं धरू लागलं. रिबिनी, मग कपाळ, मग डोळे. किसनभाऊ वाकून म्हणाले, "ये बेटा. ये."

मग त्यांनी काच पाण्यात धुवायला घेतली. माठातलं पाणी एव्हाना कोमट झालं होतं. काचेचा थर सुटतो तो नेहमी कडेपासून, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं. टोकाला एक सुरकुती पडली. त्यांनी बोट लावलं नाही, श्वाससुद्धा घेतला नाही. आणि दुधावरची साय सरकावी तशी वेणू काचेवरून सुटली, पाण्यात एकदा उलगडली, आणि घडी पडून तळाशी गेली. मधल्या सगळ्या मुली काचेवर जिथल्या तिथे होत्या. मीही होते, खुर्चीवर, मधोमध.

किसनभाऊ पाण्याच्या बशीत दोन्ही हात बुडवून तसेच उभे राहिले. मीच रडायला लागले.

मग हात न पुसताच ते वहिनींकडे गेले. मी मागोमाग. खाटेजवळ खाली बसले आणि म्हणाले, "गेली वो."

वहिनींना काय कळायचं ते कळलं.

"मले माफ कर," किसनभाऊ म्हणाले. "मले तिचं तोंड आठवून नाही राह्यलं. मी मधातल्यायकडेच पाहो. तिच्याकडे मी कधी पाह्यलंच नाही वो." आणि तेव्हा मात्र तो माणूस रडला.

वहिनींनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, "इकडे तोंड करा. असं नाही. दाराकडे, उजेडात." त्यांची हनुवटी धरून त्यांनीच तोंड वळवलं आणि अगदी जवळ नेलं. "नाक तुमचं घेतलं होतं तिनं. हे असं, शेंड्याले बसकं. आन कपाय. डोये माहे होते, ते राहू द्या. पन इथून इथपर्यंत तुमचंच होतं." त्यांचं बोट किसनभाऊंच्या चेहऱ्यावरून फिरत होतं. "हालू नका. पाहू द्या मले."

डॉक्टरांचं काही खरं ठरलं नाही. त्या रात्री तर वहिनी गेल्या नाहीतच, चांगल्या सतरा दिवस राहिल्या. आणि ते सतराही दिवस, दुपारी ऊन दारात आलं की किसनभाऊ त्यांच्या खाटेसमोर पाट टाकून, उजेडाकडे तोंड करून बसायचे. वहिनी पाहत पडायच्या. कधी तासभर, कधी दोन तास. मला एकदा वहिनी म्हणाल्या, "बाई, आज लय चांगली दिसली." अठराव्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

दहावं-तेरावं आटोपलं. किसनभाऊंचा भाचा त्यांना आपल्या गावी न्यायला येणार होता. माझीही बदली झाली होती. सामान बांधून झाल्यावर, निघण्याआधी निरोप घ्यावा म्हणून दुपारी त्यांच्याकडे गेले. दार उघडं होतं. घर झाडून रिकामं केलेलं, नुसती खाट तेवढी जागेवर. खाटेवर सुंभ होतं आणि काही नव्हतं. समोर पाटावर किसनभाऊ बसले होते. दाराकडे तोंड केलेलं, ऊन सगळं चेहऱ्यावर. डोळे उघडे. मला वाटलं, मी उंबऱ्यात आले तर त्यांच्यावर सावली पडेल, म्हणून बाजूलाच थांबले आणि हाक मारली.

"किसनभाऊ, मी निघाले. येते."

त्यांनी मान वळवली नाही. ओठ तेवढे हलवले.

"उलसं थांबा बाई. तिचं पाहून होऊ द्या."